सायकलींच्या पुण्याचा मागोवा

पुण्यास सायकलींचे शहर ही जी ख्याती गतशतकात लाभली, तिचे श्रेय पुणेकराच्या काटकसरीस देण्याचा प्रघात असला, तरी त्या श्रेयाचा मोठा वाटा नगररचनेकडे जातो. पेठांतील वस्ती दाट, भूमी बहुतांशी सपाट, आणि शाळा, कचेरी व मंडई ही सारी घरापासून हाकेच्या नसली तरी पायडलच्या टप्प्यात. अशा गावात तासाच्या भाड्याने आणलेली सायकलही प्रपंचाची कामे निभावून नेई. तिला सरकारी बिल्ला लावावा लागे, आणि रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसलेले आढळले, तर पोलीस दंड करीत. म्हणजे कारभाराच्या दप्तरी सायकल हे रीतसर वाहन होते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या, आणि पूरग्रस्तांच्या वसाहतींबरोबर शहर गोखलेनगर, सहकारनगर अशा दिशांनी पसरू लागले. पाठोपाठ १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळामुळे पिंपरी-चिंचवड व भोसरीकडे कारखाने उभे राहिले, आणि घर व रोजगार यांतील अंतर कोसांनी वाढले. १९७२ साली आलेल्या ‘चेतक’ स्कूटरने सायकल मागे टाकली असे म्हणतात. वस्तुतः तिच्यासाठी वाट या वाढत्या अंतराने अगोदरच मोकळी करून ठेवली होती.

१९८७ च्या विकास आराखड्यात रस्तारुंदीच्या तरतुदी झाल्या. परंतु रुंदावलेल्या रस्त्याचा लाभ वेगास मिळाला, आणि पुढे जंगली महाराज व फर्ग्युसन रस्ते एकदिशा झाले, तेव्हा मोटारीस क्षुल्लक वाटणारा वळसा सायकलस्वारास मात्र स्वतःच्या पायांनी फेडावा लागला.

वाहनांऐवजी माणसांची ने-आण हे ध्येय मानणारे राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण २००६ साली जाहीर झाले. त्याच वर्षअखेर कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला, आणि निरनिराळ्या रस्त्यांच्या कडेने सायकलमार्गही बांधले गेले. तथापि जेथे अपघाताचे भय सर्वाधिक, त्या चौकाच्या तोंडाशीच हे मार्ग संपत. मध्ये कोठे विजेचा डबा, कोठे उभी केलेली वाहने, कोठे विक्रेत्यांच्या हातगाड्या. डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने स्वतंत्र सायकल आराखड्यास मंजुरी दिली व भाड्याच्या सायकलीही गाजावाजाने आल्या. काही वर्षांत त्या सायकली दिसेनाशा झाल्या, कारण वाहन पुरविणे सोपे, त्याला अखंड वाट देणे कठीण.

या सहा-सात दशकांचा निष्कर्ष असा, की पुणेकराने सायकल सोडली त्यापूर्वी शहराच्या नकाशाने ती सोडली होती. महानगरपालिका अंदाजपत्रकासाठी प्रभागातील कामे नागरिकांकडून मागविते. तेव्हा किती किलोमीटर मार्ग बांधला याची चौकशी करण्यापेक्षा, आपल्या घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत, मधल्या प्रत्येक चौकासह, एक सलग वाट वाचकांनी आपापल्या प्रभागासाठी लेखी मागावी.