पंडिता रमाबाईंचा विसावा

थकलेल्या, ओझ्याने वाकलेल्या माणसांना येशू विश्रांतीसाठी आपल्याकडे बोलावतो, असे मत्तयच्या शुभवर्तमानात 11व्या अध्यायात आहे. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या बोलावण्याचा अर्थ फार उशिरा उलगडला. पुराणे सांगत देशभर पायी हिंडणाऱ्या डोंगरे कुटुंबातले आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, 1880मध्ये भाऊ गेला, 1882मध्ये पतीही. पदरात तान्ही मनोरमा. 1883मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण मन शांत झाले नाही. धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले.

सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की तारण स्वतःच्या पुण्याईने कमवायचे नसून देवाच्या कृपेने आयते स्वीकारायचे असते. व्रते आणि तीर्थयात्रा यांत बालपण झिजलेल्या बाईला ही केवढी मोठी सुटका वाटली असेल! ख्रिस्ती विश्वासातल्या विसाव्याचे मर्म इथेच आहे: स्वतःला सिद्ध करण्याचे ओझे उतरते, काम मात्र सुटत नाही.

रमाबाईंचे काम उलट वाढले. 1896-97च्या दुष्काळातल्या शेकडो निराधार मुली त्यांनी पुण्याजवळच्या केडगावी आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, छपाई चाले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी छापले. 1922मध्ये मृत्यू येईपर्यंत रमाबाई त्या कामात गढलेल्या होत्या.