हवेचा आकडा वाचायचा कसा?

दिल्ली-नोएडाकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळी दर हिवाळ्यात मला एकच विचारतात. सर, सरकारी ॲप ४८० दाखवतं आणि दुसरं हजाराच्या वर, मग खरं कोणतं? निम्मं उत्तर सोपं आहे. सरकारी निर्देशांक ५०० ला थांबतो, त्यापुढे तो जातच नाही. काही खासगी ॲप अमेरिकी पट्टी वापरतात आणि ती वर ताणतात. दोन्ही मापं वेगळी, त्यामुळे तुलनाच चूक. म्हणून निर्देशांक बाजूला ठेवा आणि मूळ आकडा बघा: एक घनमीटर हवेत अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे पीएम २.५, किती मायक्रोग्रॅम आहेत?

मोजण्याची मूळ रीत वजनाची. पंप मिनिटाला १६.७ लिटर हवा फिल्टरमधून ओढतो, चोवीस तासांत २४ घनमीटर. आपलं दिवसाचं मानक ६० मायक्रोग्रॅमचं. हवा तेवढीच असेल तर फिल्टरवर जमते दीड मिलिग्रॅमहून कमी धूळ, म्हणजे बारीक मिठाचे वीस-पंचवीस दाणे! फिल्टर स्वतः त्याच्या कितीतरी पट जड. तो दमट झाला तर वजन वाढतं, म्हणून आधी आणि नंतर ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवूनच तोलतात. शिवाय अमोनियम नायट्रेटसारखे कण उष्णतेत फिल्टरवरून उडून जातात. ज्याच्याशी बाकी यंत्रं ताडून पाहायची, त्या तराजूचं हे असं.

तासातासाचे आकडे देणारी यंत्रं बीटा किरणांवर चालतात. फितीवर धूळ जितकी जास्त, तितके किरण कमी पार होतात. यातल्या बऱ्याच यंत्रांची कमाल मर्यादा हजाराच्या आसपास लावलेली असते. दिवाळीच्या रात्री ९९९ दिसलं तर काटा तिथे अडकला, एवढंच समजा. घरातले स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या विखुरण्यावरून अंदाज बांधतात. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, आणि धुक्याच्या पहाटे हा सेन्सर हमखास जास्त सांगतो.

आता आमच्या फायरिंग रेंजवरचा मुद्दा. गोळ्या विखुरल्या, तर तो एक दोष. सगळ्या एका जागी पण निशाणाच्या डावीकडे लागल्या, तर तो दुसरा. तिथे रायफल झिरो करावी लागते. पहिला दोष वर्षाच्या सरासरीत बराच विरतो. दुसरा कितीही गोळ्या झाडा, जात नाही. युरोपच्या २००८ च्या नियमात अशा केंद्रांना २५ टक्क्यांपर्यंत अनिश्चितता चालत होती. म्हणजे ६० वाचलं तर खरा आकडा ४५ ते ७५ मध्ये कुठेही.

आपल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचं २०१९ मधलं पहिलं लक्ष्य होतं २०१७ च्या तुलनेत २० ते ३० टक्के घट. यंत्र तेच, जागा तीच, देखभाल तीच असेल, तर कायमचा दोष तुलनेत बहुतांशी वजा होतो आणि ती घट पकडता येते. पण मधे यंत्र बदललं, किंवा झाडीच्या कॅम्पसमध्ये नवी केंद्रं वाढवून शहराची सरासरी काढली, तर एकही धुराडं बंद न होता हवा कागदावर सुधारते. नेमक्या वाईट दिवसांतले तास गायब असले तरी तेच. मला याची चीड येते. कारण त्या सरासरीवर निधी ठरतो आणि पाठही थोपटली जाते.

तेव्हा तुमच्या शहराची घट जाहीर झाली की विचारा: केंद्रं तीच होती का, किती तासांची नोंद आहे, आणि यंत्र फिल्टरशी शेवटचं कधी ताडलं? घरात दम्याचा रुग्ण असेल तर मात्र ३८० की ४२० यावर वाद घालू नका. दोन्ही दिवशी पहाटेचं फिरणं बंद.