गोड गोळ्या, जुनाट दुखणी आणि वर्धेचा दाखला

पुलगावहून आर्वीकडे जाणारी नॅरोगेज गाडी ज्या गावांना थांबत जात असे, त्यांपैकी आर्वी तालुक्यातील रोहणा हे एक. वर्धा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचे, आणि कापूस, तूर, सोयाबीन यांच्या भरवशावर वर्षाची तोंडमिळवणी करणारे. अशा गावात सर्पदंश झाला, प्रसूती अडली किंवा ताप मेंदूत गेला, तर रोग्याला रातोरात आर्वीला, पुलगावला किंवा सेवाग्रामला नेण्याची धावपळ होते. परंतु वेचणीच्या कित्येक हंगामांत वाकून वाकून जिचे गुडघे कायमचे धरले, जिला दमा आहे, जिची अर्धशिशी लग्नापासून सोबत करीत आली आहे, तिचे दुखणे तातडीचे नाही एवढ्याच कारणाने बेवारस राहते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून होमिओपॅथीच्या गोड गोळ्यांवर लोकांनी जी भिस्त ठेवली, तिचा उगम बहुतांशी या बेवारस दुखण्यांत आहे.

होमिओपॅथीच्या दवाखान्यात होणारी विचारपूस अन्यत्र सहसा होत नाही. कोणता गुडघा आणि कधीपासून, एवढ्यावर तेथील डॉक्टर थांबत नाही. "मावशी, उठल्याबरोबर पहिली चार पावले टाकताना जास्त दुखते, की चालून चालून दुखणे वाढते?" असा त्याचा प्रश्न असतो, आणि पहिली पावले जड जाऊन मग सांधा मोकळा होत असेल, पावसाळी गारठ्यात ठणका वाढत असेल, तर त्याचे मन ‘रस टॉक्स’कडे झुकते, आणि जराशीही हालचाल सोसत नसेल, दुखरी बाजू दाबून स्वस्थ पडण्यातच आराम वाटत असेल, तर ‘ब्रायोनिया’कडे. त्यानंतर तहान किती, झोप कशी, मीठ अधिक लागते की गोड, स्वप्ने कोणती पडतात, घरात कशाचा घोर लागला आहे, अशी साद्यंत कैफियत नोंदली जाते, आणि अखेरीस साखरेच्या बारीक गोळ्यांवर औषधाचे थेंब टाकलेली बाटली बाईच्या हाती पडते. महिना-दोन महिन्यांनी बाईला गुण आलेला असतो. हा गुण खोटा मानण्याचे काही कारण नाही. मात्र तो कशामुळे आला, हा प्रश्न उरतोच, आणि चिकित्साविषयक संशोधन म्हणतात ते एवढ्या एका प्रश्नाचा निवाडा करण्यासाठीच जन्माला आले आहे.

या पद्धतीचा जनक सॅम्युएल हानेमान. समानेन समानाचे शमन हे तत्त्व त्याने १७९६ साली मांडले आणि १८१० साली ‘ऑर्गेनॉन’ ग्रंथात त्याची शास्त्रवत् व्यवस्था लावली. पण आपल्या औषधांनी बरे झालेले रोगी काही काळाने त्याच तक्रारी घेऊन परत येतात, ही गोष्ट त्याच्या दृष्टीतून सुटली नाही. १८२८ पासून प्रसिद्ध झालेल्या जुनाट रोगांवरील ग्रंथात त्याने तिचे उत्तर दिले. जुनाट व्याधींच्या तळाशी तीन मूळ दोष असतात, आणि त्यांपैकी ‘सोरा’ म्हणजे दबलेल्या खरजेचा दोष हा बहुसंख्य व्याधींचा जनक होय, असा त्याचा सिद्धान्त होता. इतकेच नव्हे, तर प्राचीन काळचा महारोग हे याच सोऱ्याचे अधिक उग्र रूप, असेही त्याने प्रतिपादले. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते हे पुढे निर्विवाद ठरले, आणि १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने महारोगाचा जंतू दाखवून दिला.

औषधाच्या मात्रेचा वाद तर त्याहून जुना आहे. ‘तीस’ शक्तीचे औषध म्हणजे मूळ द्रव्याचे शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा केलेले विरलन. बाराव्या पायरीच्या सुमारासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याचा संभव गणिताने संपुष्टात येतो. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.तील प्रा. जयेश बेल्लारे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली धातूंपासून बनविलेल्या सहा औषधांच्या उच्च शक्तींतही त्या धातूंचे अतिसूक्ष्म कण आढळल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा या पद्धतीच्या अभिमान्यांना साहजिकच आनंद झाला. परंतु बाटलीत कण असणे वेगळे आणि त्या कणाने गुडघा बरा होणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा रोग्याजवळच शोधावा लागतो.

तो शोधण्याची रीतही अलीकडची नव्हे. १८३५ साली जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी मिठाचे तिसाव्या शक्तीचे औषध आणि नुसते शुद्ध पाणी अशा कुप्या चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे सरमिसळ करून लोकांना देण्यात आल्या. कोणत्या कुपीत काय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. आपले अनुभव कळविणाऱ्या पन्नास जणांपैकी बहुतेकांना काहीच जाणवले नाही. ज्या आठांना काही जाणवले, त्यांत औषध घेतलेले पाच आणि पाणी प्यालेले तीन होते.

आपल्या काळात हा हिशेब पुष्कळ विस्तारला. जर्मनी आणि स्वित्झर्लंड येथील होमिओपॅथी डॉक्टरांकडे आलेल्या ३,९८१ रोग्यांचा एक पाठपुरावा २००५ साली प्रसिद्ध झाला; त्यांची दुखणी सरासरी आठ-नऊ वर्षांची होती, आणि दोन वर्षांत प्रौढांच्या त्रासाचा दहांपैकी अंक सहाच्या वरून तीनवर उतरला. आकडे खरे आहेत; पण त्यांच्याशी ताडून पाहण्यास गोळ्या न घेतलेल्यांचा गट तेथे नव्हता. जुनाट दुखणे भरती-ओहोटीचे असते. रोगी दवाखाना गाठतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेले दुखणे पुष्कळदा आपोआप उतरते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० तुलनात्मक चाचण्यांचा धांडोळा छापला; त्यातील मोठ्या आणि निर्दोष चाचण्या निवडून पाहता होमिओपॅथीचा परिणाम नुसत्या आभासी गोळीहून वेगळा काढता येईना. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने १७६ अभ्यास तपासून, ही पद्धती परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा एकाही व्याधीबाबत नाही, असा निष्कर्ष दिला.

या सर्वांत मला मोलाचा वाटतो तो इंग्लंडमधील २०११ सालचा एक छोटा अभ्यास. संधिवाताच्या ८३ रोग्यांपैकी काहींची होमिओपॅथीच्या रीतीने सविस्तर विचारपूस झाली, काहींची झाली नाही. आणि दोन्हीकडे कोणाला औषधाची गोळी मिळाली, कोणाला नुसती साखरेची. सहा महिन्यांनी पाहता, ज्यांची विचारपूस झाली होती त्यांना आराम अधिक होता. गोळीत औषध होते की नव्हते, याने काहीच फरक पडला नव्हता. आपल्या देशात प्राथमिक उपचारांचा डॉक्टर रोग्याला जेमतेम दोन मिनिटे देतो, असे २०१७ सालच्या एका जागतिक पाहणीत दिसून आले. हे दोन निष्कर्ष शेजारी मांडले म्हणजे रोहण्याच्या त्या बाईला गुण का येतो, याचा उलगडा व्हावयास वेळ लागत नाही.

भारतात या पद्धतीच्या संशोधनाचे दप्तर १९७८ पासून केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषद सांभाळते. महाराष्ट्रात डॉ. एम. एल. ढवळे यांनी स्थापिलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ क्लिनिकल रिसर्चने प्रत्येक रोग्याची कैफियत ठरावीक नमुन्यात नोंदण्याचा दंडक घातला, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टचे ग्रामीण रुग्णालय पालघरला चालते. ही नोंदीची शिस्त प्रशंसनीय आहे. तथापि तिला तुलनेची जोड मिळाल्याखेरीज दप्तर कितीही जाडजूड झाले तरी पुरावा होत नाही.

तुलना म्हणजे काय, हे शिकण्यासाठी रोहण्याच्या माणसाला परदेशी जाण्याची गरज नाही. ज्या महारोगाला हानेमान सोऱ्याचे उग्र रूप समजला, त्याच महारोगाशी वर्धा जिल्ह्याने दीर्घ झुंज दिली आहे. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला रोग्यांची वसाहत उभारली. सेवाग्रामात गांधीजींनी महारोगाने ग्रासलेल्या परचुरे शास्त्र्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. परंतु करुणा तेवढ्यावर न थांबता १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग संस्था निघाली. तिचे डॉ. वारदेकर आणि त्यांचे कार्यकर्ते घरोघर जाऊन पाहणी करीत, लोकांना समजावीत, डॅप्सोन या औषधाच्या गोळ्या देत; त्वचेचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजता येत, आणि ते घटले की नाही हे डोळ्यांनी दिसे. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाल्याचे या रोगावर काम करणाऱ्यांना कळून चुकले, तेव्हा त्या गोळीचा अभिमान न धरता बहुविध औषधोपचार स्वीकारला गेला. ज्या औषधाला आपली चूक उघडी पडण्याची संधी दिली जाते, तेच औषध सुधारते.

म्हणून गोड गोळी घेणाऱ्याला हसू नये, आणि ती देणाऱ्याने मधुमेहाचे इन्सुलिन, दम्याचा पंप किंवा रक्तदाबाची गोळी बंद करण्याचा सल्ला कदापि देऊ नये. कारण त्या चुकीची किंमत रोग्याला जिवानिशी मोजावी लागते. होमिओपॅथीच्या दवाखान्यातून उचलण्याजोगी वस्तू बाटलीत नाही, विचारपुशीत आहे. रोहण्याच्या शेतकरणीला तिच्या गुडघ्याचा पूर्वेतिहास विचारणारा माणूस सरकारी दवाखान्यात मिळावा, त्याने सांगितलेला व्यायाम आणि दिलेले औषध तुलनेच्या कसोटीला उतरलेले असावे, आणि महिन्याने तिने परत यावे म्हणून कोणी तरी तिची वास्तपुस्त ठेवावी, एवढी तरतूद करणे ही संशोधनाने आपल्या पदरात टाकलेली जबाबदारी आहे.