अंथरायची की पांघरायची?

सोलापूरच्या पूर्व भागातला यंत्रमागाचा कारखाना. आत खटखट एवढी, की समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. मला बोलावलं होतं वरच्या माळ्यावरच्या ऑफिसात, इंग्रजी तपासायला. परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद एजंटाने परत पाठवले होते. बिलावर ब्लँकेट, पॅकिंग लिस्टवर बेडशीट, नमुन्याच्या चिठ्ठीवर बेडस्प्रेड. माल एकच, चादर.

"अर्थ एकच की ओ, सर," मालक म्हणाले. "समानार्थी शब्द तुम्हीच शिकवलेत."

शिकवले होते खरे. एका ओळीत चार शब्द, दोन मार्क. वाक्यात उपयोग करा म्हटलं की मुलं एकच वाक्य चारदा लिहून शब्द तेवढा बदलायची, आणि मी बरोबरची खूण करून मोकळा व्हायचो.

कस्टमवाले असे मोकळे होत नाहीत. त्यांच्या यादीत ब्लँकेट ६३०१ खाली, बेडशीट ६३०२ खाली, बेडस्प्रेड ६३०४ खाली. शब्द बदलला की आकडा बदलतो आणि आकड्यामागे करही बदलू शकतो.

मग आम्ही वाक्यं करायला बसलो. ब्लँकेट पांघरतात. शीट गादीवर घालतात, पण नुसतं शीट म्हटलं तर कागदही होतो, पत्राही. बेडस्प्रेड दिवसा गादी झाकायला, निजताना काढून ठेवायला. एका गिऱ्हाइकाने थ्रो मागितला होता. "फेकायचं काय?" मालकांना कोडं. सोफ्यावर सहज टाकलेलं कापड ते. खाटेवर चादर 'टाक' असं आपणही म्हणतोच.

घोळ होता क्रियापदाचा. आपली चादर गच्चीवर अंथरायची, थंडीत पांघरायची, वेळ पडली तर तिचंच गाठोडं बांधायचं. वीणही तशीच, दुहेरी. जकार्डवर विणलेला मोर एका अंगाला लाल जमिनीवर पांढरा, दुसऱ्या अंगाला पांढऱ्यावर लाल. उलटी बाजू कोणती, हे विणणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. (जकार्ड हे मुळात एका फ्रेंच माणसाचं आडनाव. १८०४च्या सुमाराला त्याने मागाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली.)

खाली कांड्या भरणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांच्या घरात तेलुगू.

"दुप्पटी म्हणतो आम्ही. पांघरायची."

"आणि अंथरली तर?"

"तरी दुप्पटीच की."

सोलापुरी चादरीला २००५-०६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इंग्रजी नोंदीतही 'चादर' हाच शब्द ठेवला गेला. तोच आम्ही लेबलवर रोमन अक्षरांत मोठा छापला आणि खाली एक ओळ दिली: सुती, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी. बिलाला मात्र यादीतलाच शब्द लागतो. गिऱ्हाईक पांघरायलाच घेणार होतं, म्हणून एजंटाला विचारून तिन्ही कागदांवर ब्लँकेट लिहिलं. कागद पुन्हा परत आले नाहीत.