गर्दीच्या वेळी वडा तेलकट का होतो?

काल तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर वडापावच्या गाडीवर तोबा गर्दी. शेजारचे काका कुरकुरले, "आज वडे तेलकट लागतायत!"

तळणाचं शास्त्र हा माझा आवडता विषय. घाईत कढई गच्च भरली की तेल थंडावतं. कवच पटकन धरत नाही, तेल आत शिरतं.

तेल १७०-१८० अंशांवर असेल तर वड्यातल्या ओलाव्याची वाफ जोरात बाहेर पडते आणि तेलाला अडवते. बरंचसं तेल तर वडा बाहेर काढल्यावर, गार होताना शोषलं जातं! म्हणून झाऱ्यावर नीट निथळलेलाच मागा.

तेल किती जुनं आहे, हेही पाहायला हवं. वारंवार तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल खराब होताना तयार होणारे घटक) वाढतात. भारतात १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात त्यांना २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे.

तळणाबद्दल काहीही विचारा, आवडीनं सांगेन.