‘डागडुजी’ आणि ‘पुनर्बांधणी’ : रेवदंड्याच्या कोटालगतचा एक अर्थविचार

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. त्याच्या तटाच्या आतबाहेर आज नारळ-पोफळीच्या वाड्या व नांदती घरे आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० साली झालेल्या सुधारणेनुसार केंद्रसंरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांचे क्षेत्र प्रतिषिद्ध, तर त्यापुढील २०० मीटरांचे विनियमित होय. विनियमित क्षेत्रातील नव्या बांधकामाचा अर्ज सक्षम प्राधिकारी १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे धाडतो. प्रतिषिद्ध क्षेत्रात मात्र मुख्यतः १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्तीच काय ती परवानगीने करता येते; पडलेले घर पूर्वीच्याच लांबी-रुंदी-उंचीचे उभारणे ही ‘पुनर्बांधणी’ ठरते, आणि ती वर्ज्य आहे.

लोकव्यवहारात ही सीमारेषा नाही. कौले शाकारणे, वासा बदलणे, कोसळलेली जांभ्याची भिंत पुन्हा रचणे, या सर्वांस घरधनी ‘डागडुजी’च म्हणतो. ३ जून २०२० रोजी या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’सारख्या वादळानंतर किती भिंती पडल्या म्हणजे डागडुजी संपते, हे व्याख्येतून निष्पन्न होत नाही. अशा वेळी घर उभे असताना घेतलेली मापे आणि १९९२ पूर्वीची घरपट्टीची पावती यांनाच शब्दांहून अधिक वजन येते.