पडदा काळा, कॅमेरा चालू?

बारामती-इंदापूरकरांनी ७ मे २०२४ रोजी लोकसभेसाठी मतदान केलं आणि मतदानयंत्रं पुण्यातल्या गोदामात सीलबंद झाली. १३ मे रोजी तिथल्या उमेदवार सुप्रिया सुळे यांनी समाजमाध्यमावर लिहिलं, की गोदामातले सीसीटीव्ही ४५ मिनिटं बंद होते. अधिकाऱ्यांचा खुलासा असा : विजेच्या कामासाठी पडद्याची केबल काढली होती, चित्रीकरण सुरूच होतं.

तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. कॅमेऱ्याचं चित्र रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर साठतं. पडद्याकडे वेगळी तार जाते. ती निघाली तरी साठवण थांबत नाही. पण बाहेर पहारा देणाऱ्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला पडदाच दिसतो, त्यामुळे त्याची शंका मला रास्त वाटते.

शंका मात्र खुलाशापेक्षा वेगानं पसरते. एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष : खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त, आणि तिच्यातलं नावीन्य हे त्याचं एक संभाव्य कारण. उलट ‘केबल काढली होती’ या खुलाशात नवल ते काय! म्हणून अशा वेळी नुसत्या लेखी खुलाशावर न थांबता त्या ४५ मिनिटांचं चित्रण त्याच दिवशी सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायला हवं.